स्वखर्चाने पुस्तक काढताय? मग संपादकही शोधा!

वहीत वर्षानुवर्षे साठलेले लेखन, अक्षरजुळणी करून देणारा एखादा डीटीपीवाला, ओळखीचा मुद्रक आणि हाताशी थोडीफार रक्कम एवढ्या भांडवलावर आज कोणालाही स्वतःचे पुस्तक काढता येते. प्रकाशकाच्या कार्यालयात खेटे घालण्याचे आणि 'साभार परत'च्या पाकिटांची धास्ती बाळगण्याचे दिवस मागे पडले आहेत. निवृत्त शिक्षक, बँकेतील अधिकारी, डॉक्टर, गिर्यारोहक, परदेशात मुलाकडे राहून आलेले आजी-आजोबा असे सगळेच आता ग्रंथकार होऊ लागले आहेत. २०१६पासून किंडलवर मराठी ई-पुस्तके निघू लागल्यापासून तर कागदाचीही गरज उरलेली नाही. ज्यांचे अनुभव एरवी त्यांच्याबरोबरच संपले असते, अशी कितीतरी माणसे यामुळे लिहिती झाली, ही आनंदाचीच बाब आहे.

मात्र या सोयीच्या वाटेवर एक माणूस मागे राहिला. तो म्हणजे संपादक.

स्वखर्चाने निघालेल्या एखाद्या पुस्तकाचा हिशेब पाहिला, तर ही गोष्ट चटकन ध्यानात येते. अक्षरजुळणी, कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठाच्या चित्रकाराचे मानधन, निमंत्रणपत्रिका, सभागृहाचे भाडे, पाहुण्यांसाठी शाल-श्रीफळ, उपस्थितांसाठी अल्पोपाहार अशा सगळ्या नोंदी त्यात सापडतात. संपादनाची नोंद बहुधा नसते. बटाटेवड्यावर झालेला खर्च संहितेवर झालेल्या खर्चापेक्षा जास्त, अशी स्थिती अनेकदा असते आणि तिचे कोणाला आश्चर्यही वाटत नाही.

मग छपाईपूर्वी ते पुस्तक वाचते कोण? पत्नी किंवा पती, मुलगी, सोसायटीतील एखादे मराठीचे निवृत्त शिक्षक आणि प्रस्तावना लिहिणारे मान्यवर. यांपैकी कोणालाही 'हे प्रकरण कंटाळवाणे झाले आहे' असे म्हणण्याची मुभा नसते. घरच्यांना लेखकासोबत राहायचे असते. शिक्षक भीड बाळगतात. प्रस्तावनाकारांच्या हाती प्रत येते, तेव्हा समारंभाची तारीख ठरून गेलेली असते. डीटीपी करणारा समोरचा मजकूर उतरवतो आणि मुद्रक आलेली फाइल छापतो. त्यांचे काम तेवढेच आहे. परिणामी, लेखकाशी कोणतेही नाते नसलेला पहिला वाचक पुस्तक विकत घेणाराच ठरतो. त्याला पुस्तक आवडले नाही, तर तो पत्र लिहून कळवत नाही. विसाव्या पानावर खूण घालून ते बाजूला ठेवतो.

प्रकाशनसंस्थेत हा परका, चोखंदळ वाचक पगार घेऊन बसलेला असतो. लेखक स्वतःच प्रकाशक झाला की ते पद रिकामे राहते. ते भरण्याची जबाबदारीही मग प्रकाशक या नात्याने लेखकावरच येते.

मुद्रितशोधन म्हणजे संपादन नव्हे

'आम्ही प्रुफे तपासून घेतली आहेत,' असे उत्तर यावर हमखास मिळते. प्रुफे तपासणे आवश्यकच आहे. पण ते साखळीतील शेवटचे काम होय. संपादनाचे ढोबळमानाने दोन टप्पे त्याच्या आधी येतात. पहिल्या टप्प्यात पुस्तकाच्या घडणीचा विचार होतो. प्रकरणांचा क्रम योग्य आहे का, पुस्तक खरे तर तिसऱ्या प्रकरणापासूनच सुरू होते का, एकच प्रसंग दोनदा आला आहे का, हे पाहिले जाते. दुसऱ्या टप्प्यात वाक्यावाक्याने भाषा तपासली जाते. त्यानंतर अक्षरजुळणी आणि मग मुद्रितशोधन. हा क्रम उलटला, तर जुळवलेली पाने पुन्हा पुन्हा मोडावी लागतात आणि प्रत्येक वेळी नव्या चुका शिरतात.

फरक कळावा म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या आत्मकथनात असा परिच्छेद आहे : 'वडिलांच्या अकाली निधनाने आमच्या कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळला. परंतु आईने न डगमगता अपार कष्टाने संसाराचा गाडा पुढे हाकला. तिचे उपकार शब्दांत मांडणे केवळ अशक्य आहे.' शुद्धलेखनाच्या दृष्टीने यात एकही चूक नाही. मुद्रितशोधक तो परिच्छेद तसाच पुढे जाऊ देईल आणि त्याच्या कामात काही उणे राहिले, असे म्हणता येणार नाही. संपादक मात्र समासात लिहील : कोणते कष्ट? घरात तेव्हा किती माणसे होती? पैसे कोठून येत होते?

या प्रश्नांवर लेखक सांगू लागतो. आई पहाटे चारला उठून गिरणी कामगारांसाठी अकरा डबे करी. पावसाळ्यात सरपण ओले असे, म्हणून रात्री विझत्या चुलीच्या उबेला लाकडे लावून ठेवी. डबे पोहोचवण्यासाठी थोरल्या भावाचा शाळेतला पहिला तास रोज बुडे आणि त्याबद्दल तो छड्या खाई. संपादक म्हणतो, हेच लिहा. आणि उपकारांचे वाक्य काढून टाका.

ही माहिती लेखकाने आधीच का लिहिली नाही? त्याला ती इतकी पक्की ठाऊक होती, की 'अपार कष्ट' हे दोन शब्द वाचताना त्याच्या डोळ्यांसमोर ते अकरा डबे आपोआप उभे राहत. वाचकाच्या डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही. आपले लेखन दहादा वाचूनही लेखकाला ही उणीव दिसत नाही, कारण कागदावर नसलेले तो मनातून भरून काढत असतो. याच कारणाने गाळलेला शब्द किंवा दोनदा पडलेला 'आणि'ही त्याच्या नजरेतून सुटतो. यात बुद्धीचा किंवा भाषाज्ञानाचा प्रश्न नाही; मराठीचे प्राध्यापकही स्वतःच्या पुस्तकाच्या बाबतीत तितकेच आंधळे असतात.

आठवणींचा हिशेब

स्वखर्चाने निघणाऱ्या मराठी पुस्तकांत आत्मकथने, प्रवासवर्णने आणि घराण्यांचे वृत्तान्त यांचा भरणा मोठा. हे सारे लेखन स्मरणशक्तीवर उभे असते, आणि स्मरणशक्ती तारखांच्या बाबतीत बेभरवशाची. 'पानशेत फुटले त्या वर्षी, म्हणजे १९६० साली, मी दहावीची बोर्डाची परीक्षा दिली' असे वाक्य सहज लिहून जाते. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि त्या काळी शालान्त परीक्षा अकरावीला होती. एका वाक्यात दोन घोटाळे. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे झाला. त्या दिवशी भरदुपारी वर्गातील बाके हादरल्याचे वर्णन आले, तर ती आठवण बहुधा नंतरच्या एखाद्या धक्क्याची असते. १९७० सालच्या मुंबईत 'छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस'वर गाडीतून उतरणारा तरुण, किंवा १९६८ साली 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठा'ची पदवी घेणारा विद्यार्थी हेही असेच. व्ही.टी.चे नाव पहिल्यांदा १९९६ साली बदलले आणि पुणे विद्यापीठाचा नामविस्तार २०१४ सालचा आहे.

जाणत्या वाचकाला अशी एक चूक सापडली, की पुढच्या खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास डळमळतो. लेखकाने सोसलेले खरे दुःखही मग संशयाच्या नजरेने वाचले जाते. आत्मकथनाच्या लेखकाचे याहून मोठे नुकसान दुसरे नसेल.

अर्थात, खटकणारी प्रत्येक गोष्ट चूकच असते असेही नाही. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली, म्हणून १९६५ सालच्या संवादातील 'चार आणे' खोडून तेथे 'पंचवीस पैसे' लिहिणारा संपादक अडाणीच म्हणावा लागेल. पुढे कितीतरी वर्षे लोक आण्यांतच बोलत होते. चांगला संपादक अशा जागी खाडाखोड करत नाही, विचारतो.

दऱ्यांचा झाला दर्या

भाषिक तपासणीची मराठीत काही खास कारणे आहेत. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे चौदा नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. 'कवी' दीर्घ, पण 'कविसंमेलन' ऱ्हस्व; 'गुरू' दीर्घ, पण 'गुरुकुल' ऱ्हस्व; 'फूल', पण 'फुलाला'; हे शाळेत शिकवले गेले तरी चाळीस वर्षे नोकरीत इंग्रजी पत्रव्यवहार केलेल्या माणसाच्या लक्षात राहतेच असे नाही. 'पारंपारिक', 'सहाजिक', 'आर्शिवाद' ही रूपे तर इतकी रुळली आहेत, की 'पारंपरिक', 'साहजिक', 'आशीर्वाद' हीच अनेकांना चुकीची वाटू लागली आहेत.

संगणकावरील तपासनीस यातील काही चुका पकडतो. पण 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा. दोन्ही शब्द कोशात असल्याने यंत्राच्या लेखी दोन्ही बरोबर. त्यातच मजकूर एका जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये किंवा उलट नेताना होणारी पडझड वेगळी. जोडाक्षरे फुटतात, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि 'ऱ्या'चा 'र्या' होतो. सह्याद्रीतील भटकंतीच्या पुस्तकात 'डोंगर-दऱ्या'ऐवजी 'डोंगर-दर्या' छापले गेले, की खोल दरीच्या जागी समुद्र येतो. 'आचाऱ्यांना बोलावले' याचे 'आचार्यांना बोलावले' झाले, तर लग्नाच्या स्वयंपाकाला विद्वान मंडळी जमतात. टंकलेखनात बरोबर असलेला शब्द छपाईच्या फाइलमध्ये चुकू शकतो. म्हणून छपाईला जाणारी अंतिम पाने माणसाच्या नजरेखालून जावीच लागतात.

भाषेच्या पातळीचा प्रश्नही आहे. एकाच पानावर 'तो गेला, त्याने पाहिले' आणि 'ती म्हणाली, मला ते आवडलं, मग आम्ही निघालो, घर बंद केलं' अशी लेखी आणि बोली रूपे मिसळली, तर वाचक अडखळतो. मात्र नेमके कशामुळे, हे त्याला सांगता येत नाही. निवेदनात एक पद्धत ठरवून ती शेवटपर्यंत पाळणे हे संपादकाचे काम. संवादांना अर्थातच वेगळा न्याय लावावा लागतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने आल्यापासून 'आता संपादक कशाला' असा सूर ऐकू येऊ लागला आहे. टंकातील चुका शोधायला ही साधने उपयोगी पडतात, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या हाती सबंध परिच्छेद सोपवला, तर तो गुळगुळीत होऊन परत येतो आणि लेखकाच्या बोलण्याची ढब त्यातून निघून जाते. शिवाय न विचारता भर घालण्याची खोड त्यांना आहे. आत्मकथनात हे फार धोक्याचे.

कायद्याची बाजू

या विषयाकडे स्वप्रकाशित लेखकांचे फारसे लक्ष जात नाही. प्रकाशक स्वतः लेखकच असल्याने मजकुराची संपूर्ण कायदेशीर जबाबदारी त्याच्या एकट्याच्या शिरावर असते. आत्मकथनात जुना वरिष्ठ अधिकारी, भाऊबंदकीतील चुलते, शाळेच्या संस्थेचे चालक अशी मंडळी नावानिशी येतात. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये बदनामीचा गुन्हा आहे. त्यापूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ व ५००मध्ये होता. 'मी खरे तेच लिहिले' एवढा बचाव फौजदारी खटल्यात पुरत नाही. ते लोकहितासाठी प्रसिद्ध केले, हेही दाखवावे लागते. मृत व्यक्तीबद्दलचे लेखन तिच्या कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेले असेल, तर तेही या व्याख्येत येऊ शकते. अनुभवी संपादक अशा जागांवर खूण करतो आणि गरज भासल्यास वकिलाला दाखवायला सांगतो. पुष्कळदा नाव गाळल्याने प्रसंगाची धार मुळीच कमी होत नाही.

दुसरी बाब कवितांची. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी आवडत्या कवीच्या चार ओळी किंवा एखादे चित्रपटगीत देण्याची हौस अनेकांना असते. भारतात साहित्यकृतीवरील स्वामित्वहक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. केशवसुत १९०५ साली आणि बालकवी १९१८ साली निवर्तले. त्यांच्या ओळी खुशाल घ्याव्यात. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणजे त्यांचे लेखन २०३७ अखेरपर्यंत संरक्षित आहे, आणि कुसुमाग्रजांचे २०५९ अखेरपर्यंत. समीक्षेच्या ओघात दोन ओळी उद्धृत करणे वेगळे आणि पुस्तकाची सजावट म्हणून कडवी छापणे वेगळे.

एकनाथांपासून 'सत्यकथे'पर्यंत

दुसऱ्याच्या संहितेवर आस्थेने काम करण्याची परंपरा मराठीला नवी नाही. हातोहात नकला होऊन ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले होते, तेव्हा शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, संत एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तिच्यात स्वतःची ओवी घुसडू नये, अशी ताकीदही देऊन ठेवली. स्वतः समर्थ कवी असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या ग्रंथात आपले काही न मिसळण्याचा हा संयम आजच्या संपादकांनीही ध्यानात ठेवावा असाच आहे.

अलीकडच्या काळात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी 'सत्यकथा' मासिकाच्या आणि मौज प्रकाशनाच्या माध्यमातून संपादनाला कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली. कथेतील एखाद्या जागेविषयी लेखकाला सविस्तर पत्रे लिहायची, पुनर्लेखन करून घ्यायचे, पुन्हा वाचायचे, हा त्यांचा शिरस्ता होता. तो सर्वांनाच रुचत होता असे नव्हे. १९६९ साली राजा ढाले आणि लघुनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी 'सत्यकथे'च्या अंकाची जाहीर होळी केली. संपादकाच्या हाती एकवटलेल्या सत्तेविरुद्धचा तो राग होता आणि त्यात तथ्यही होते. काय छापायचे आणि काय नाही, हे मोजकी माणसे ठरवत होती. 'सत्यकथा' १९८२ साली बंद झाली.

स्वप्रकाशनात हे नाते नेमके उलटे होते. येथे संपादक लेखकाने नेमलेला असतो. त्याला नकाराचा अधिकार नसतो, फक्त सल्ल्याचा असतो. सूचना मानायची की नाही, हे शेवटी लेखकच ठरवतो. म्हणजे १९६९ सालच्या तरुणांना ज्याचा जाच वाटला ती सत्ता येथे नाही, आणि भागवत-पटवर्धनांच्या लेखकांना जिचा लाभ झाला ती बारीक नजर मात्र मिळू शकते. अडचण वेगळीच आहे. पैसे देणाऱ्याला अप्रिय गोष्ट सांगणे अवघड असते, आणि कमकुवत संपादक गोड बोलून मोकळा होतो. तेव्हा 'जे खटकेल ते स्पष्ट सांगा' ही परवानगी लेखकाने पहिल्याच भेटीत द्यायला हवी आणि नंतर ती निभावायलाही हवी. हे दुसरे पहिल्यापेक्षा कठीण.

संपादनाने पुस्तक किती बदलू शकते, याचा एक पुरावा अमेरिकेत छापील स्वरूपात उपलब्ध आहे. हार्पर ली या अनोळखी तरुणीची कादंबरी १९५७ साली लिपिनकॉट या प्रकाशनसंस्थेकडे आली. मोठी झालेली नायिका आपल्या गावी परतते, असे तिचे कथानक होते. तेथील संपादक टे होहॉफ यांना त्यातील बालपणीच्या आठवणींत खरे पुस्तक दडलेले दिसले. त्यांच्या सूचनांवरून ली यांनी दोनहून अधिक वर्षे पुन्हा पुन्हा लिहून काढले आणि १९६० साली 'टू किल अ मॉकिंगबर्ड' प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. मूळ हस्तलिखित 'गो सेट अ वॉचमन' या नावाने २०१५ साली निघाले. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचणाऱ्याला एक शब्दही स्वतः न लिहिणाऱ्या त्या संपादकबाईंचे काम उघड दिसते.

खर्च आणि निवड

संपादनाचे दर पानावर, शब्दांवर किंवा एकरकमी ठरतात आणि त्यांत बरीच तफावत असते. परंतु हा खर्च किती, याबरोबरच तो कोठे वाचतो हेही पाहायला हवे. डेमी आकाराच्या पुस्तकाचा हिशेब सोळा पानांच्या फॉर्ममध्ये होतो. २४० पानांच्या, म्हणजे पंधरा फॉर्मच्या पुस्तकातील पुनरुक्ती काढून ते १९२ पानांवर आले, तर तीन फॉर्म कमी झाले. पाचशे प्रतींमागे २४ हजार पाने छापावी लागली नाहीत. कागद, छपाई आणि टपाल या तिन्हींत बचत झाली आणि पुस्तकाची किंमतही कमी ठेवता आली. संपादकाच्या मानधनाचा काही भाग येथेच निघतो. पैसे वाचवण्याची आणखी एक जागा म्हणजे आयएसबीएन. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. त्यासाठी मध्यस्थाला रक्कम मोजण्याचे कारण नाही.

स्वप्रकाशनाची सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या 'पॅकेज'मध्ये संपादन हा शब्द असला, तरी प्रत्यक्षात ते बहुधा मुद्रितशोधनच असते. संपादन म्हणजे नेमके काय करणार, कोण करणार, त्या व्यक्तीने मराठीत आधी कोणती पुस्तके केली आहेत आणि तिच्याशी थेट बोलता येईल का, हे लेखी विचारून घ्यावे. उत्तर मोघम आले, तर संपादक स्वतंत्रपणे नेमणे श्रेयस्कर.

तो शोधायचा कोठे? आपल्या विषयावरील दोन-चार नेटकी पुस्तके घेऊन त्यांचे श्रेयपान पाहावे. वृत्तपत्रांतून निवृत्त झालेले उपसंपादक, दिवाळी अंकांचे जुने संपादक आणि प्रकाशनसंस्थांसाठी बाहेरून काम करणारी मंडळी यांतून योग्य माणूस सापडतो. शोध सोपा नाही, हे मान्य केले पाहिजे. स्वप्रकाशित ई-पुस्तकांच्या दहा लाखांहून अधिक प्रती विकणाऱ्या अमेरिकी लेखिका अमांडा हॉकिंग यांनी २०११ साली प्रस्थापित प्रकाशकाशी करार केला. मुखपृष्ठे, पत्रव्यवहार आणि संपादकांचा शोध यांत आठवड्याचे चाळीस तास घालवण्यापेक्षा आपल्याला लिहायचे आहे, असे कारण त्यांनी तेव्हा दिले होते.

संपूर्ण काम सोपवण्यापूर्वी आठ-दहा पानांचे नमुना संपादन करून घ्यावे, त्याचे पैसे द्यावेत आणि ती पाने शांतपणे वाचावीत. त्यातून संपादकाचा कल कळतो. वऱ्हाडी आजीच्या तोंडी पुण्याची प्रमाणभाषा घालणारा, मालवणी किंवा अहिराणी शब्दाला 'अशुद्ध' ठरवून खोडणारा संपादक कितीही नावाजलेला असला, तरी त्याला नम्रपणे निरोप द्यावा. नमुन्यात एकही प्रश्न न विचारणारा आणि नुसत्या वेलांट्या दुरुस्त करणारा माणूस मुद्रितशोधक आहे. त्याची गरज नंतर लागणारच आहे, त्याचा पत्ता जपून ठेवावा.

प्रत्येकालाच हा खटाटोप करावा लागतो असे नाही. कुलवृत्तान्ताच्या पन्नास प्रती काढून नातेवाइकांत वाटायच्या असतील, तर चांगला मुद्रितशोधक पुरेसा आहे. नातलगांना नावे आणि जन्मतारखा बिनचूक हव्या असतात, शैली नव्हे. पुस्तकावर किंमत छापून ते अनोळखी माणसाला विकायचे असेल, तर मात्र संपादक हवाच.

करार दोन पानांचा असला तरी चालतो. पण तो असावा. किती वेळा वाचन होणार, बदल संगणकावर दिसतील अशा रीतीने केले जाणार का, शेवटचा शब्द कोणाचा, पैसे किती हप्त्यांत, हे त्यात यावे. संपादकाचे नाव श्रेयपानावर जाणार की नाही, हेही तेव्हाच ठरवणे बरे. लेखकाने निम्म्याहून अधिक सूचना नाकारल्या असतील, तर काही संपादक आपले नाव छापू नका म्हणतात. हे अखेरच्या प्रुफापूर्वी कळलेले चांगले, कारण श्रेयपान पहिल्याच फॉर्ममध्ये असते आणि तो छापून झाला की बदल करता येत नाही.